भरती, ओहोटी आणि हातातली बारा पानं

"पानां बरी इली काय कोणव जिंकता." पानं चांगली आली की कोणीही जिंकतो, हे आमच्या थोरल्या चुलतभावाचं, दादाचं, ठरलेलं वाक्य. हरला की मोठ्याने म्हणतो, जिंकला की म्हणत नाही. गौरी-गणपतीत रात्र जागवायला पडवीत पत्त्यांचा मेंढीकोट बसतो तेव्हा हे वाक्य निदान चार वेळा तरी कानावर येतं.

गेले दोन पावसाळे मी एक पत्त्यांचा खेळ रचतोय. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात, आणि वाडीत संध्याकाळी माणसं रिकामी सापडतात, म्हणून हा काळ निवडला. उद्देश एकच होता: दादाचं ते वाक्य खोटं पाडायचं. चौघांनी खेळायचा, डोकं चालवणाऱ्याला फळ देणारा, तरी पोरांनाही जमेल असा खेळ. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड निघालं. का अवघड, ते इथे सांगतो.

सुरुवात उलट्या टोकापासून करू. लहानपणी सगळ्यांनी भिकार-सावकार खेळलेला असतो. दोघांत पानं वाटायची, बघायची नाहीत, एकेक उलटत जायचं. त्यात खेळणाऱ्याने ठरवायचं असं काहीच नसतं. पानं पिसून वाटली त्या क्षणी निकाल लागलेला असतो, पुढचा अर्धा तास आपण तो फक्त वाचत बसतो. आता कोणी म्हणेल, ५२ पानांच्या शक्यता बघा केवढ्या! खरंच आहे. एका खेळाडूच्या हातात १३ पानं ६३,५०१ कोटींहून अधिक प्रकारांनी येऊ शकतात. पण भिकार-सावकारातही तीच ५२ पानं असतात. शक्यता अफाट असल्या म्हणून खेळ खोल होत नाही. माझी पहिली चूक हीच होती. मी पानं वाढवली, रंग वाढवले, खास पानं घातली आणि खेळ भारी झाला असं समजलो. झाला होता तो फक्त किचकट.

दुसऱ्या टोकाला बुद्धिबळ. नशीब नाही, लपलेलं काही नाही. मग पत्त्यांतूनही नशीब काढून टाकलं तर? सगळी पानं उघडी मांडून खेळलं तर? आम्ही एकदा करून पाहिलं. शहाणे दोघे गप्प बसून हिशेब करत राहिले, उरलेले दोघे जांभया देत राहिले, आणि चहा आला तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. पत्त्यांतलं कौशल्य मुळात वेगळ्या जागी असतं. दुसऱ्याच्या हातात काय आहे हे मला दिसत नाही, पण कळू शकतं. जो जास्त कळवून घेतो तो सरस. म्हणजे खेळ रचणाऱ्याचं काम नशीब हाकलणं हे नव्हे. माहिती लपवायची, आणि ती हुडकून काढायला वाट ठेवायची, एवढं त्याने करायचं.

मेंढीकोटातलं उदाहरण घ्या. चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, पकडायच्या. तीन किंवा चार मिळवल्या की डाव आपला, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात, म्हणजे जिंकलेल्या फेऱ्या, जास्त त्यांचा. समजा बदामची उतारी झाली, म्हणजे फेरीचं पहिलं पान बदाम पडलं. एक्का अजून पडलेला नाही आणि डावीकडच्या गड्याने बदामची दश्शी टाकली. एक्का आपल्या भिडूकडे आहे याची खात्री नसताना कोणी मेंढी अशी उघड्यावर सोडत नाही. मग त्याने का सोडली? बहुतेक त्याच्याकडे दुसरं बदाम नव्हतंच. म्हणजे पुढच्या वेळी बदाम उतरलं की तो हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणाऱ्या रंगाचं पान, मारणार. त्याने एक पान टाकलं आणि हातातल्या बाकीच्या पानांबद्दल बोलून गेला. हे ऐकू येणं म्हणजे पत्ते येणं. बंद हुकमाने खेळलात तर या ऐकण्याला आणखी एक पदर येतो, कारण दडवलेलं पान एकालाच माहीत असतं आणि त्याच्या प्रत्येक चालीतून ते थोडं थोडं बाहेर डोकावतं.

आता सावंतवाडीला जाऊन येऊ. तिथली गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, बघितली नसेल तर राजवाड्यात जाऊन जरूर बघा. गोल पानं, हाताने रंगवलेली, वर लाखेचा लेप. मरणपंथाला लागलेली ही कला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उभी केली, आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता बहुतेक लोक ती शोभेला घेतात आणि भिंतीवर लावतात. पण तो खेळ आहे, आणि जबर खेळ आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. तिघे खेळले तर एकेकाच्या हातात ४०. हुकूम नाही. राजा पडला की प्रधान मोठा, प्रधान पडला की त्याखालचं पान मोठं, म्हणजे कुठल्या रंगात काय पडून गेलं हे दहाही रंगांत डोक्यात ठेवायचं. वर आणखी एक गंमत: निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक्का छोटा, उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा.

हा उलटा क्रम मला इतका आवडला की मी तो तसाच उचलला. माझ्या खेळात चार मासे, प्रत्येकाची १ ते १२ अशी ४८ पानं. सुरमई आणि सरंग्यात मोठा आकडा जिंकेल, बांगडा आणि कोळंबीत छोटा. वाटलं, आता नुसती मोठी पानं आलेल्याचा माज उतरेल. आठवडाभर खेळल्यावर भाचीने, जी अकरावीत आहे, विचारलं, "मामा, बांगड्याच्या १ ला १२ म्हटलं आणि १२ ला १ म्हटलं तर काय बदलेल?" काहीच नाही! नुसती नावं बदलली होती. भारी पानं कोणाला किती येतात त्यात कणभर फरक पडला नव्हता. डोक्याला ताप वाढला तेवढा. गंजिफात तो ताप शोभतो, कारण तिथे स्मरणशक्ती हाच खेळाचा कणा आहे. माझ्या खेळात तो उसना दागिना होता.

पण त्यातूनच पुढची गोष्ट सुचली. क्रम आधीच ठरलेला नसेल, डाव चालू असताना उलटत असेल तर? भरतीला मोठं पान जिंकतं, ओहोटीला छोटं. प्रत्येकाला डावात एकदाच पाणी फिरवायची मुभा. आता १२ हातात आला म्हणून खुश व्हायला नको, आणि १ आला म्हणून रडायलाही नको. ही मुभा कधी वापरायची, हा खरा निर्णय झाला.

पहिल्याच रात्री गोंधळ उडाला. कोणीही कधीही पाणी फिरवायचा, तेही पान पडल्यावर. चांगला विचार करून टाकलेलं पान क्षणात वाया जायचं. खेळ रचणारे नशिबाचे दोन प्रकार मानतात, आणि दर्यावर जाणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. एक नशीब निर्णयाच्या आधी येतं: सकाळी वारा बघितला, मग ठरवलं होडी काढायची की नाही. दुसरं निर्णयानंतर येतं: सगळं बघून गेलात आणि मध्येच वादळ आलं. पहिल्यात कौशल्याला वाव असतो, कारण जे आलं त्यावर विचार करता येतो. दुसऱ्यात केलेला विचार पुसला जातो. पत्ते पिसणं हे पहिल्या प्रकारचं. माझी भरती-ओहोटी दुसऱ्या प्रकारची झाली होती, फक्त फासा माणसांच्या हातात होता. उपाय सोपा निघाला. पाणी फिरवायचं तर एक हात आधी जाहीर करायचं: "पुढच्या हातापासून ओहोटी." एवढ्या एका वाक्याने गोंधळाचं रूपांतर डावपेचात झालं. आता इतरांना एका पानापुरता वेळ मिळतो. शिवाय जाहीर करणाराही काहीतरी सांगून जातो: याच्याकडे छोटी पानं असणार.

की नसणार? इथे थापेचा प्रश्न येतो. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये अशा खेळांचं गणित मांडलं आणि पुढे पोकरचा एक साधा नमुना सोडवून दाखवला. त्यातली एक गोष्ट फार मजेची आहे. थाप मारायची तर ती सगळ्यात वाईट पानांवर मारावी, मधल्या पानांवर नाही. मधली पानं गप्प खेळूनही कधी कधी जिंकतात, म्हणून त्यांच्यावर जोखीम घ्यायची गरज नसते. वाईट पानांना गमावण्यासारखं काही नसतं. आमच्या काकीने फॉन नॉयमनचं नाव ऐकलेलं नाही, पण हातात काही नसलं की ती पान चटईवर असं आपटते की समोरचा हुकूम घालायला कचरतो. आणि थाप म्हणजे लबाडी नव्हे, खेळाची गरज आहे. तुम्ही बलवान असताना नेहमी एकसारखे वागलात, तर चार डावांत उघड्या पुस्तकासारखे वाचले जाता. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या संगणक-कार्यक्रमाने सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. तोही थापा मारायचा, आणि त्या त्याला कोणी शिकवल्या नव्हत्या. स्वतःशीच खेळत खेळत त्याने त्या शोधल्या होत्या.

पण नुसत्या भरती-ओहोटीने दादा ऐकणार नव्हता. त्यासाठी एक परीक्षा घेतली, आणि खेळ रचायची हौस असलेल्या प्रत्येकाला मी ती आधी सांगेन. आमची पडवी आणि शेजारची ओटी, दोन्हीकडे चार-चार जण बसवले. इथे वाटलेल्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि तिथे अगदी तीच पानं त्याच जागांवर वाटली. पूर्वेला बसलेल्याला दोन्ही घरांत तीच बारा पानं. मग बघायचं: दोन्हीकडे पूर्वच जिंकतो का? तसं वारंवार झालं तर माणूस कोण आहे याने फरक पडत नाही, पानंच खेळतायत. ब्रिजच्या स्पर्धा याच तत्त्वावर चालतात, एकच वाटप अनेक टेबलांवर फिरतं आणि तुमची तुलना तुमचीच पानं खेळलेल्या दुसऱ्यांशी होते. पानांचं नशीब तिथे जवळजवळ गळूनच पडतं. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ डे सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्ण मिळवून दिलं ते याच प्रकारात. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते.

आमच्या परीक्षेत पहिल्या आवृत्तीचा सपशेल निकाल लागला. बहुतेक डावांत दोन्ही घरांत एकाच जागेवरचा माणूस जिंकला. दादा काही बोलला नाही, नुसता हसला.

मग जजमेंटकडे वळलो. पत्त्यांच्या सगळ्या घरगुती खेळांत रचनेच्या दृष्टीने मला तो सर्वात हुशार वाटतो. आपले किती हात होतील ते आधी बोलायचं, आणि तेवढेच करायचे, जास्त नाही, कमी नाही. यामुळे वाईट पान हा प्रकारच उरत नाही. भिकार पानं आली तर शून्य बोला आणि शून्य करून दाखवा. ते सोपं नसतं. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांच्या बोलीची बेरीज एकूण हातांइतकी होऊ देता येत नाही, म्हणजे कोणीतरी फसणार हे पक्कं. मी हे सगळं घेतलं आणि भरती-ओहोटीला जोडलं. तेव्हा एक गोष्ट घडली जी मी ठरवली नव्हती. पाणी फिरू शकतं म्हटल्यावर १२ आणि १ दोन्ही बलवान, आणि ६-७ सारखी मधली पानं दोन्हीकडून दुबळी. पण शून्य बोलणाऱ्याला नेमकी तीच हवीत! कुठलंही पाणी असो, ती हात ओढत नाहीत. अशी न मागता आलेली गोष्ट दिसली की समजावं, खेळ जिवंत आहे.

आता चार जणांचा खास त्रास. दोघांच्या खेळात तुमचं नुकसान तो माझा फायदा. तीन-चार झाले की राजकारण सुरू होतं. एक म्हणजे पुढे असलेल्याला सगळे मिळून खाली खेचतात, मग हुशार माणूस मुद्दाम दुसऱ्या नंबरावर रेंगाळतो. दुसरं त्याहून वाईट: ज्याचं स्वतःचं काही उरलं नाही तो ठरवतो कोणाला जिंकवायचं. मेंढीकोटात हे होत नाही, कारण भिडू असतात, बाजू दोनच. पाच-तीन-दोन हा तिघांचा खेळ, एकाने पाच, एकाने तीन, एकाने दोन हात करायचे. त्यात वेगळी गंमत आहे. ज्याचे हात ठरलेल्यापेक्षा जास्त झाले तो पुढच्या डावात कमी पडलेल्याची पानं ओढतो आणि आपली नकोशी त्याच्या गळ्यात मारतो. श्रीमंताला आणखी श्रीमंत करणारा हा नियम. तो चालून जातो, कारण पाच, तीन आणि दोनची पाळी फिरत राहते. पाळी फिरली नसती तर एक चूक पूर्ण रात्रभर पुरली असती.

जजमेंटमध्ये बोली मोडली की शून्य गुण, हा नेहमीचा नियम. त्यामुळे पाचव्या हाताला बोली मोडलेला गडी उरलेला डाव दुसऱ्यांची वाट लावण्यात घालवतो. आमचा एक भाचा यात तरबेज झाला होता. यावर उपाय मला रापणीत सापडला. किनाऱ्यावरून जाळं ओढताना हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. कमी-जास्त असेल, पण सगळं एकाचंच, असं नसतं. म्हणून नियम बदलला. बोली अचूक झाली तर १० गुण आणि बोललेल्या प्रत्येक हाताला १. चुकली तर जितक्या हातांनी चुकली तितके गुण वजा. आता एकाने चुकलेला आणि चाराने चुकलेला सारखे नाहीत. शेवटच्या पानापर्यंत प्रत्येकाला काहीतरी वाचवायचं असतं. खेळाचं नावही त्या दिवसापासून रापण पडलं.

गंजिफाच्या अगदी उलट असा एक निर्णय मी घेतला आणि त्यावर घरात अजून वाद आहे. पडलेली पानं प्रत्येकाने आपल्यासमोर उघडीच ठेवायची. दादा म्हणतो, लक्षात ठेवणं हेच तर कौशल्य. असेल. पण स्मरणावर चालणाऱ्या खेळात नवा माणूस पहिल्या तासातच मार खातो आणि परत येत नाही. पानं समोर असली की प्रत्येकाकडे माहिती सारखीच असते, फरक पडतो तो तिच्यावरून काय ताडलं यात. काय पडलं हे सगळ्यांना दिसतं. का पडलं, ते ज्याचं त्याने हुडकायचं.

कायद्यालाही हा फरक कळतो. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. कारण काय दिलं, तर कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, आणि कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं याला अक्कल लागते. तीन पत्त्यांचा जुगार मात्र निव्वळ नशिबाचा ठरवला. अर्थात २०२५च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणताना कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. आमच्याकडे पैज लागते ती शेंगदाण्यांची, त्यामुळे आम्ही निवांत.

एक हिशेब मात्र डोक्यात ठेवावा, नाहीतर चांगला खेळही बदनाम होतो. समजा दोघांत एक थोडा सरस आहे, इतका की प्रत्येक डाव जिंकायची त्याची शक्यता ५५ टक्के. ११ डाव खेळले तर त्याने जास्त डाव जिंकण्याची शक्यता साधारण ६३ टक्केच. १०१ डावांत ती ८४ वर जाते, ४०१ डावांत ९८च्या आसपास. म्हणजे एका संध्याकाळी कोण जिंकलं यावरून फारसं काही कळत नाही. दादाचं वाक्य एका रात्रीपुरतं बरंचसं खरं आहे, पूर्ण पावसाळ्यापुरतं खोटं. म्हणून डाव छोटा हवा, पटापट संपणारा, म्हणजे रात्रीत जास्त डाव होतील. रापणीचा एक डाव आम्ही चहा निवायच्या आत संपेल इतका आटोपशीर केलाय.

बाकी गोष्टी किरकोळ. पानं मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर रंगवली होती. जुलैच्या दमट हवेत ती फुगून पापडासारखी झाली आणि पिसता येईनात, तेव्हा गंजिफावर लाख का लावतात ते कळलं. दुसरं, नवा खेळ खेळायला दिला की आपण तोंडाला कुलूप लावायचं. नियमांचा कागद ठेवायचा आणि बाजूला बसून बघायचं. जिथे ते अडतील तिथे चूक त्यांची नसते, कागदाची असते.

यंदा श्रावणात दोन घरांची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी तीच पानं, त्याच जागा, आणि निकाल मात्र दोन्हीकडे वेगवेगळे. दादा पडवीत तिसरा आला. त्याची तीच पानं ओटीवर खेळून काकी पहिली आली. तो काही बोलला नाही.

आता अडचण काकीचीच आहे. ती आपली पाणी फिरवायची मुभा दहाव्या हातापर्यंत धरून ठेवते. बाकी तिघांच्या मुभा तोवर संपलेल्या असतात, आणि शेवटच्या दोन हातांत ती म्हणेल ते पाणी. मला वाटतं मुभा आठव्या हातापर्यंतच वापरता यायला हवी. तसं परवा बोललो तर तिने कोयत्यावरून मान वर न करता सांगितलं, "नियम बदललंस तर मी खेळूचंय नाय."